एका जुन्या आयरिश गीताचा माग

‘बी दाऊ माय व्हिजन’ हे गीत इंग्रजी उपासनेत ज्यांनी गायिले आहे, त्यांनी गीतपुस्तकात त्याच्याखाली ‘प्राचीन आयरिश’ अशी नोंद पाहिली असेल. ही नोंद खोटी नाही. पण ती वाचून मनात जे चित्र उभे राहते ते पुष्कळसे खोटे असते. आपल्याला वाटते की, कोणी एक जुना आयरिश साधू डोंगरावर उभा राहून हेच शब्द याच चालीवर गात होता आणि तेव्हापासून मंडळी ते गात आली. वस्तुस्थिती अशी की, शब्द जुने आहेत, चाल निराळ्याच ठिकाणची आहे, आणि या दोहोंची गाठ पडली ती १९१९ साली. त्याच वर्षी आपले रेव्ह. नारायण वामन टिळक प्रभूकडे गेले. म्हणजे गायिले जाणारे गीत या नात्याने पाहिले, तर टिळकांची भजने या ‘प्राचीन’ गीताहून वयाने मोठी आहेत!

गुजरातेत आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनचे काम १८४१ पासून सुरू झाले. वडोदऱ्याकडच्या आमच्या वाचकांना त्या मिशनचे नाव परके नाही. त्या पहिल्या मिशनऱ्यांनी हे गीत बरोबर आणले असेल असे कोणास वाटले, तर ते संभवत नाही. त्यांच्या काळी मायदेशीही हे गीत कोणी गात नव्हते. ते हस्तलिखितांत झोपलेले होते.

या गीताचे तीन धागे आम्ही येथे सोडवून दाखविणार आहोत : मूळ कविता, तिचे इंग्रजी रूप आणि चाल. संडेस्कूलच्या शिक्षकांनी हे गीत शिकविताना मुलांना त्याची गोष्ट सांगावी, पण खरी सांगावी, एवढाच आमचा आग्रह आहे.

मूळ कविता जुन्या आयरिश भाषेत आहे. तिचे पहिले शब्द ‘रोप तू मो बाइले’ असे लिहिलेले आहेत. डब्लिन येथे रॉयल आयरिश अकादमीत आणि राष्ट्रीय ग्रंथालयात तिची हस्तलिखिते जतन केलेली आहेत. ही हस्तलिखिते कवितेहून कित्येक शतकांनी नंतरची आहेत. कवितेची भाषा पाहून अभ्यासक ती सामान्यतः दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराची धरतात. काही जण तिला आठव्या शतकापर्यंत मागे नेतात. कवीचे नाव नाही.

पण नाव नसलेली कविता लोकांना आवडत नाही. म्हणून ती सहाव्या शतकातील दालान फोरगल या कवीच्या नावावर घातली गेली. ‘दालान’ याचा अर्थ ‘लहानगा आंधळा’. संत कोलंबा ५९७ साली वारला, तेव्हा त्याच्यावर याने विलापकाव्य रचले, अशी परंपरा आहे. आता पाहा, एक आंधळा कवी देवाला म्हणतो की तूच माझी दृष्टी हो! उपदेशकाला याहून सोयीची गोष्ट ती कोणती? व्यासपीठावरून ती अनेकदा सांगितली गेली आहे आणि ऐकणाऱ्यांचे डोळेही पाणावले आहेत. परंतु कवितेची भाषा सहाव्या शतकातील नाही आणि दालानचे नाव तिच्याशी जोडण्यास भक्कम आधार नाही. आमच्या मते शिक्षकांनी ही गोष्ट सांगू नये. मुलगा मोठा होऊन एक दिवस खरे काय ते वाचील. त्या दिवशी त्याला आंधळ्या कवीबरोबर आपण सांगितलेल्या आंधळ्या बार्तीमयाविषयीही शंका येऊ लागेल. सत्याची साक्ष देणाऱ्यांना सुंदर पण निराधार गोष्टींची उसनवारी करण्याचे कारण नाही.

शिवाय ‘दृष्टी’ या शब्दावर ती गोष्ट उभी आहे, आणि मूळ शब्दाचा अर्थ आपल्या ‘दृष्टी’ एवढाच नाही. ‘बाइले’ म्हणजे डोळ्यांची शक्ती नव्हे. जुन्या आयरिश वाङ्मयात हा शब्द द्रष्ट्याला दिसणाऱ्या दर्शनासाठी येतो, आणि तोच शब्द भान हरपणे, वेड लागणे या अर्थीही येतो. जे दिसल्यावर माणूस दुसरे काही पाहू शकत नाही, असे काहीतरी त्या शब्दात आहे. आपल्या पवित्र शास्त्रात संदेष्ट्यांना होतो तो दृष्टान्त. पण ‘दृष्टान्त’ म्हटले की त्यातले वेड निघून जाते. आम्हांला वाटते, मराठीत ‘ध्यास’ हा शब्द त्याच्या सर्वांत जवळ जातो. ज्याचा ध्यास लागला तो जागेपणी समोर असतो आणि झोपेतही समोर असतो. मूळ कवीने दुसऱ्याच कडव्यात नेमके हेच मागितले आहे.

‘रोप’ या लहानशा शब्दाकडेही लक्ष द्यावे. इंग्रजीत ‘बी’ म्हटले की ती आज्ञा वाटते : देवा, तू अमुक हो. आयरिश क्रियापद आज्ञार्थी नाही, इच्छा व्यक्त करणारे आहे. मराठीत आपण ‘असो’, ‘घडो’, ‘मिळो’ म्हणतो त्या जातीचे. ‘माझा ध्यास तूच असो’, अशी ती विनवणी आहे. आणि ‘तू’? तो तर आपलाच शब्द! आयरिश ‘तू’ आणि मराठी ‘तू’ ही एकाच प्राचीन भाषाकुळातील भावंडे आहेत. इंग्रजांचे ‘दाऊ’ व्यवहारातून गेले, म्हणून अलीकडच्या काही इंग्रजी गीतपुस्तकांत तेथे ‘यू’ घालण्याची खटपट झाली. आपल्याला ती अडचण नाही. आपण घरी आईला ‘तू’ म्हणतो आणि देवालाही ‘तू’ म्हणतो.

कवितेत दोन-दोन चरणांची सोळा कडवी आहेत. ती एका दमात वाचली तर यादीसारखी वाटतात. माझे चिंतन तू, माझे बोलणे तू, माझी समज तू, माझा पिता तू, माझी ढाल, माझी तलवार, माझा मान, माझा आनंद, माझा आसरा, माझा गड. असे एकामागून एक नाव घेत कवी पुढे जातो. आयर्लंडात अशा संरक्षक प्रार्थनांची मोठी परंपरा होती. त्यांस ‘लोरिका’ म्हणत. या लॅटिन शब्दाचा अर्थ चिलखत. संत पॅट्रिकच्या नावाने प्रसिद्ध असलेले ‘उरस्त्राण’ हे त्यांतील सर्वांत नामांकित. सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडर यांनी १८८९ साली केलेल्या इंग्रजी रूपांतरामुळे ते जगभर गेले. प्रेषित पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात जी शस्त्रसामग्री सांगितली आहे, तिचीच ही प्रार्थनारूपे होत. आमची कविता शुद्ध लोरिका नव्हे. पण ढाल-तलवारीचे कडवे त्या घराण्यातले आहे.

या यादीमागे एक समाज उभा आहे. जुन्या आयर्लंडात लहान लहान राजे पुष्कळ होते आणि त्या सर्वांच्या वर ताराच्या टेकडीवरचा ‘आर्द री’, म्हणजे थोर राजा. सामान्य माणसाला संरक्षण, प्रतिष्ठा, जमीन, आसरा हे सर्व राजाच्या आश्रयाने मिळत असे. कवी या एकेका गोष्टीचे नाव घेतो आणि ती कोणा राजाकडे न मागता स्वर्गाच्या राजाकडे मागतो. किंबहुना त्याच्याकडून ती घेण्याऐवजी त्यालाच मागतो. माझी मिळकत तूच, माणसांची कृपा नको आणि निर्जीव धन नको, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडे ज्या पिढ्यांनी वतन म्हणजे काय ते पाहिले आहे, त्यांना हे अधिक खोल कळेल. गणनाच्या अठराव्या अध्यायात अहरोनाला सांगितले आहे की, देशात तुला वतन नाही, परमेश्वरच तुझे वतन. सोळाव्या स्तोत्राचा कर्ताही तेच म्हणतो, आणि तोच कर्ता पुढे आठव्या वचनात परमेश्वराला आपण नित्य आपल्यासमोर ठेवले आहे असे सांगतो. आमच्या मते हे एक स्तोत्र हाती धरून बसले तर या आयरिश कवितेच्या दोन्ही टोकांना हात लागतो.

कवितेचा शेवट सांगण्यासारखा आहे. यादी संपत आली की कवीचा स्वर बदलतो. पित्या, माझे रडणे ऐक, अशी हाक येते. आतापर्यंत ढाल-तलवार मागणारा माणूस एकाएकी दीन होतो. आणि शेवटच्या कडव्यात, माझे काहीही होवो, असे म्हणून तो पुन्हा पहिल्याच शब्दांवर येऊन थांबतो. आयरिश कवींचा हा नियमच होता की ज्या शब्दांनी कविता उघडली त्याच शब्दांनी ती बंद करावयाची. या बंद करण्याला ते ‘दूनद’ म्हणत. परंतु तो नियम येथे नुसता नियम राहिलेला नाही. पहिल्या कडव्यातील मागणे आणि रडून झाल्यावरचे तेच मागणे यांत फरक आहे.

आता इंग्रजी रूपाकडे वळू. १९०५ साली मेरी एलिझाबेथ बर्न या विदुषीने ‘एरियू’ नावाच्या संशोधन-नियतकालिकात ही कविता मूळ पाठासह छापली आणि शब्दाला शब्द ठेवून तिचे इंग्रजी गद्य भाषांतर दिले. बर्नबाईंचा जन्म १८८० चा. म्हणजे तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आसपास होते. पुढे त्यांनी रॉयल आयरिश अकादमीच्या आयरिश कोशाचेही काम केले. हे लिखाण विद्वानांसाठी होते. मंडळीत गावे असे काही त्यात नव्हते. सात वर्षांनी, १९१२ साली, एलिनॉर हल यांनी ‘द पोएम बुक ऑफ द गेल’ या आपल्या ग्रंथात त्या गद्याला पद्यरूप दिले. हलबाई आयरिश ग्रंथ छापणाऱ्या ‘आयरिश टेक्स्ट्स सोसायटी’च्या संस्थापकांपैकी होत. त्या काळी आयर्लंडात आपली जुनी भाषा, जुन्या गोष्टी, जुनी गाणी यांचा शोध घेण्याची लाट आली होती. या दोघी स्त्रिया त्या लाटेतल्या. एकीने अर्थ लावला, दुसरीने तो गाता येईल असा केला. गीतपुस्तकात हलबाईंचे नाव ठळक असते आणि बर्नबाईंचे कधी कधी गळते, हे आम्हांस बरे वाटत नाही.

हलबाईंनी सोळा कडव्यांतून निवड करून थोडी कडवी केली. यादीचा वेग त्यांनी मंद केला, ती रडण्याची हाक जवळजवळ काढून टाकली, आणि ‘थोर राजा’ मात्र राखला. शेवट त्यांनी मूळ कवीप्रमाणेच पहिल्या शब्दांवर आणला, म्हणजे दूनदचा मान ठेवला. नंतरच्या संपादकांनी आणखी कात्री चालविली. ढाल-तलवारीचे कडवे कित्येक पुस्तकांत नाही. लढाईची भाषा उपासनेत नको, असे त्यांस वाटले असावे. आमचे मत निराळे आहे. ते कडवे काढले की आसरा आणि गड यांचाही अर्थ पातळ होतो. ज्याच्यावर कोणी चालून आलेच नाही तो गडाचा आसरा कशाला शोधील?

आता चाल. तिचे नाव ‘स्लेन’. या नावाने पुष्कळांची फसगत होते. स्लेन ही आयर्लंडच्या मीथ परगण्यात बॉइन नदीजवळची टेकडी. सातव्या शतकाच्या अखेरीस मुर्खू नावाच्या लेखकाने संत पॅट्रिकचे चरित्र लिहिले. त्यात कथा आहे ती अशी : पुनरुत्थानाच्या सणाची पूर्वसंध्या होती, आणि त्याच रात्री ताराच्या लेरे राजाचाही सण होता. राजवाड्यात अग्नी पेटण्यापूर्वी जो कोणी अग्नी पेटवील त्याला मरण, असा हुकूम होता. पॅट्रिकने समोरच्या उंचवट्यावर पास्काचा अग्नी पेटविला आणि तो तारावरून दिसला. हा उंचवटा म्हणजेच स्लेनची टेकडी, असे परंपरा मानते आणि वर्ष ४३३ देते. मुर्खूने हे लिहिले ते पॅट्रिकनंतर सुमारे दोनशे वर्षांनी. म्हणून इतिहासकार ही कथा इतिहास म्हणून घेत नाहीत. पण ती सांगण्यास आमची हरकत नाही, ‘अशी कथा आहे’ एवढे म्हणून सांगावी. टेकडीवर आज जे पडके अवशेष दिसतात ते मात्र पॅट्रिकच्या काळचे नव्हत. तेथील फ्रान्सिस्कन मठ १५१२ सालचा आहे.

त्या अग्नीचा आणि या सुरांचा संबंध काय? काहीच नाही. गीतपुस्तकांत चालींना गावांची, माणसांची नावे देण्याचा प्रघात आहे, त्याप्रमाणे या चालीला टेकडीचे नाव मिळाले. चाल एका प्रेमगीताची. पॅट्रिक वेस्टन जॉइस या संग्राहकाने १९०९ साली ‘ओल्ड आयरिश फोक म्युझिक अँड साँग्ज’ हा ८४२ चालींचा व गाण्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात ‘विथ माय लव्ह ऑन द रोड’ या नावाखाली ती आहे. बान नदीच्या काठच्या प्रेमिकांचे ते गाणे. जॉइस हे लिमरिक परगण्यातले, जन्म १८२७ चा. म्हणजे १८४५ ते १८४९ च्या भीषण दुष्काळात ते ऐन तारुण्यात होते. त्या दुष्काळात व त्याबरोबर आलेल्या रोगांत सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. गाणारे गेले की गाणी जातात. जॉइससारख्यांनी ती लिहून ठेविली नसती तर ही चाल आपल्यापर्यंत येण्याचे कारण नव्हते.

१९१९ साली चर्च ऑफ आयर्लंडच्या गीतपुस्तकात हलबाईंचे शब्द या चालीवर बसविण्यात आले. सुरावटीची मांडणी लिओपोल्ड डिक्स यांनी केली. पुढे १९२७ च्या सुधारलेल्या ‘चर्च हिम्नरी’त वेल्सचे डेव्हिड इव्हान्स यांनी तिला नवी स्वरसंगती दिली, आणि तेथून ती दूरवर पसरली. १९३१ साली जॅन स्ट्रदर यांनी ‘लॉर्ड ऑफ ऑल होपफुलनेस’ हे गीत याच चालीसाठी लिहिले. दिवसाच्या चार प्रहरांची ती प्रार्थना आहे. शाळांतून ती फार चालते.

प्रेमगीताची चाल उपासनेत यावी काय? हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत नवा नाही. कीर्तन, अभंग, ओवी उपासनेत आली तेव्हा कुरकुर झाली, आणि आज सिनेमाच्या चालींवर भजने बसविणारे तरुण ‘आयरिश लोकांनी नाही का केले?’ असे विचारू शकतात. त्यांना आम्ही एवढेच सांगू : केले, पण कसे केले ते पाहा. ज्या चालीचे जुने शब्द मंडळीच्या ओठांवर नव्हते अशी चाल त्यांनी घेतली. चाल वाजताच ऐकणाऱ्याच्या मनात प्रेमिकांचे चित्र उभे राहत नव्हते. तबल्याचा ठेका पडताच ज्या गाण्याची नटी डोळ्यांसमोर येते, त्याची गोष्ट वेगळी. चाल मुळात पवित्र की अपवित्र हा प्रश्न आम्हांस फारसा महत्त्वाचा वाटत नाही. ती वाजली की ऐकणाऱ्याला काय आठवते, हा वाटतो. आणि या गीताचा तर विषयच हा आहे की मनापुढे काय असावे.

आपल्या कानांना ही चाल परकी वाटत नाही, त्याला कारण आहे. तिचे बहुतेक सूर सा, रे, ग, प, ध हे आहेत, म्हणजे भूपाचे. निषाद मधूनच डोकावतो. तिला भूप म्हणता येणार नाही, कारण तिचे चलन रागाचे नाही. परंतु पेटीवर वाजविणाऱ्याची बोटे लवकर बसतात. चार ओळींच्या चार चाली आहेत, एकही ओळ दुसरीची पुनरुक्ती नाही. पहिली ओळ षड्जावरून निघून खाली मंद्र पंचमापर्यंत उतरते व पुन्हा वर येते. तिसरी ओळ तार षड्जाला भिडते. लय तीन मात्रांची असल्यामुळे दादऱ्यात ती सहज बसते. ठेका मात्र हलका ठेवावा. जोराने वाजविला की गीत नाचू लागते.

मराठीत हे गीत बसविण्याचा प्रयत्न करणाऱ्यांस एक अडचण येते. इंग्रजी ओळीचा तोल एक जड आणि दोन हलके असा जातो, आणि जड अक्षर आघाताने ठरते. मराठीत आघातापेक्षा ऱ्हस्व-दीर्घाला महत्त्व आहे. म्हणून शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतर गाताना दीर्घ अक्षर हलक्या मात्रेवर पडते आणि ओळ लंगडते. ‘दृष्टी’ हा शब्द तर पहिल्याच सुरांत अडखळतो. जोडाक्षराचा धक्का बसतो. मूळ कवितेचा मोकळा अर्थ घेऊन, आपल्या पद आणि अभंगांच्या वळणाने नव्याने लिहिणे अधिक चांगले. ‘वतन’, ‘गड’, ‘आसरा’ हे शब्द आपल्याकडे आयते आहेत. टिळकांनी इंग्रजी गीतांचे ओझे न वाहता आपल्या छंदांत लिहिले, ते याच जाणिवेने.

वर्गात हे गीत घेताना आधी चाल शिकवू नये. प्रथम मुलांना विचारावे की, सकाळी उठल्यावर पहिल्याने मनात काय येते. उत्तरे खरी येतील : परीक्षा, क्रिकेट, आईचे आजारपण. मग सोळावे स्तोत्र वाचावे, आणि प्रत्येकाने ‘माझे अमुक तूच असो’ असे एक वाक्य आपल्या मनाने लिहावे. कोणी ढाल लिहील, कोणी ‘माझा मित्र’ लिहील. एखादे मूल ‘माझे बाबा’ लिहील, आणि त्या मुलाच्या घरी काय आहे ते शिक्षकाला ठाऊक असेल. ते वाक्य मोठ्याने वाचावयास लावू नये. मोठ्या मुलांना मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील डोळ्याविषयीचे वचनही दाखवावे. ते धनाविषयीच्या बोधाच्या मधोमध का आले आहे, ते त्यांना शोधू द्यावे.

गाण्याविषयी एक सूचना. इंग्रजी पुस्तकांत ही चाल बहुधा आपल्या काळी दोनमध्ये असते. त्या पट्टीत तिसऱ्या ओळीचा तार षड्ज प्रौढ पुरुषांना ताणतो. उपासनेत सर्वांनी गावयाचे असेल तर पांढरी दोन किंवा पांढरी एक धरावी. संडेस्कूलात उलट करावे, पट्टी खाली आणू नये. लहान मुलांना तार षड्ज जड जात नाही, पहिल्या ओळीतला मंद्र पंचम जातो.